डाव्या करंगळीची कळ

आमच्या ह्यांच्या मते घराच्या मागच्या खोलीत मी भंगाराचं दुकान काढलंय, फक्त गिऱ्हाईक तेवढं येत नाही. बोलू देत. चौतीस वर्षं मी टेलिफोन दुरुस्त केले. निवृत्त झाले म्हणून हात थोडेच गप्प बसतात? जुने कॉम्प्युटर मिळतील तिथून आणते, उघडते, बॅटरी पाझरून हिरवट झालेले भाग ब्रशनं घासते, फुगलेले कपॅसिटर उपटून नवे सोल्डर करते. त्या धुराच्या वासानं हे नाक मुरडतात. पण कित्येक वर्षं मेल्यासारखा पडलेला पडदा पहिल्यांदा उजळला की मी लहान मुलीसारखी ओरडते, आणि तेव्हा हेच सगळ्यात आधी धावत येतात बघायला.

मागच्या महिन्यात माझ्याकडे एकाच कंपनीची दोन यंत्रं जमली. एक बंद पडलेल्या शाळेतलं, दुसरं भंगारवाल्याकडचं. दोन्हींत मराठी अक्षरांचं कार्ड शाबूत, म्हणजे लॉटरीच लागली! दोन्ही शेजारी शेजारी मांडली आणि मधे केबल जोडली. शाळेच्या यंत्रावर टाइप केलं की भंगारातल्या यंत्रावर उमटायला हवं. एवढासाच खेळ, पण त्यात माझ्या आठ दुपारी गेल्या.

नवव्या दुपारी ‘एक दोन तीन’ असं टाइप केलं. पलीकडे आलं, ‘एक दन तीन’.

‘थोडं थांब’ टाइप केलं, तर ‘थडं थांब’. ओकार गळत होता. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त ओकार नाही. म्हटलं, कळ मळली असेल. कळ काढून धुतली, कीबोर्डांची अदलाबदल केली. तरी तेच. आणखी एक गोष्ट मला खटकली. केबलमधून अक्षरं भरकन येतात. ही एकेक करून येत होती, मधेच थबकत, एखादं खोडून पुन्हा. पलीकडे बसून कुणीतरी माझं वाचावं आणि स्वतःच्या हातानं टाइप करावं, तशी.

मी ह्यांना बोलावून दाखवलं.

“केबल सडलीय तुझी,” हे म्हणाले.

“माझं डोकं सडलंय,” मी म्हणाले आणि केबल उपसून काढली.

हे दुपारची झोप काढायला गेले. केबलचं टोक हातात धरून मी पिना तपासत होते. समोरच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

‘कण आहे?’

मी आधी केबलकडे पाहिलं. मग पडद्याकडे. कण नव्हे. कोण.

ओकाराची कळ डाव्या करंगळीखाली येते. आणि डावी करंगळी न चालणारी टायपिस्ट मी आयुष्यात एकच पाहिली, माझी ताई. लहानपणी तिची करंगळी दारात चेंगरली होती. दार मी लावलं होतं. पुढे टायपिंग शिकताना तिचे ओकार हटकून गळायचे, आणि मास्तर तिच्या कागदावर लाल पेनानं रांगोळी घालायचे.

पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी टेलिफोन खात्यातल्या एकाच जागेसाठी परीक्षा दिली, त्यात अशाच यंत्रावर टायपिंगही होतं. जागा मला मिळाली. निकाल पाहून परतताना बसथांब्यावर ती खाली बघत उभी होती, आणि माझ्या जिभेला तर तेव्हाही हाड नव्हतं. “नऊ बोटांनी कुठे नोकरी मिळते का गं!” असं बोलून गेले. गमतीनंच. ती म्हणाली, “तू हो पुढे. मी मागच्या बसनं.” मी चढले, घरी पोचले. ती आली नाही. त्या दिवशी नाही, त्या वर्षी नाही, कधीच नाही. आई अकरा वर्षांपूर्वी गेली. शेवटच्या दिवसांतही जिना वाजला की उठून बसायची.

मी टाइप केलं, ‘ताई?’

मग एकच शब्द आला.

‘बबडे.’

मला बबडे म्हणणारं माणूस जगात उरलं नव्हतं. मी तोंडात रुमाल कोंबून रडले. साठीची बाई, पण अगदी हमसून हमसून.

इथून पुढे तिचे ओकार मीच भरून सांगते, नाहीतर तुमच्या डोक्याचा भुगा व्हायचा.

‘कुठे गेलीस गं तू?’ मी विचारलं.

‘मी कुठे जाणार? मागच्या बसनं घरी आले. तूच पोचली नव्हतीस. पस्तीस वर्षं झाली, बबडे.’

उठून आरशात तोंड पाहून आले. मी होते. मग पुन्हा येऊन बसले.

त्यानंतर रोज दोन ते चार, हे झोपले की मी मागच्या खोलीत. केबल जोडण्याच्या भानगडीत मी पुन्हा पडलेच नाही. तिकडे परीक्षेच्या खोलीतली यंत्रं भंगारात निघाली तेव्हा तिनं एक उचलून घरी आणलं होतं, माझा हात लागलेलं काहीतरी जवळ असावं म्हणून. दुरुस्त करायला तिला दोन वर्षं लागली. “दोन वर्षं? माझ्याकडे असतं तर चार दिवसांत उठवलं असतं,” मी एकटीच मोठ्यानं म्हणाले आणि एकटीच हसले.

‘त्या दिवशीचं बोलणं मनाला लावून घेतलंस ना?’ मी विचारलं. पस्तीस वर्षं हेच विचारायचं होतं.

‘वेडी आहेस. बसमध्येच हसू आलं मला. घरी येऊन तुला चिमटा काढणार होते.’

‘आई?’ हे मी फार भीत भीत टाइप केलं.

‘बाजूलाच बसलीय. शहाऐंशीची झाली. कान गेलेत, हट्ट तेवढा शिल्लक आहे. सारखी विचारते, बबडी काय म्हणतेय?’

मी पडद्यावर तळवा ठेवला. काच कोमट होती. खरं सांगते, त्या वेळी मला घर आठवलं नाही, हे आठवले नाहीत. त्या दोघींच्या मधे जाऊन बसावं, बस.

आमचं बोलणं सुरू झाल्याच्या पाचव्या दुपारी ताईनं विचारलं, ‘येशील का गं?’

मी विषय बदलला. हो म्हणणं शक्य नव्हतं. एकोणतीस वर्षांचा संसार, आणि माणूसही चांगला, वैतागवाणा पण चांगला. नाही म्हणण्याची छाती होत नव्हती. नाही म्हटलं आणि पडदा विझला तर?

रात्री जेवताना हे म्हणाले, “अगं, हल्ली तू असून नसल्यासारखी असतेस.” दोनदा त्यांनी माझं ताट घ्यायचं विसरून फक्त स्वतःचं वाढून घेतलं होतं. मी चिडवलं, “म्हातारे झालात.” त्यावर हे हसले नाहीत.

सहाव्या दुपारी आई स्वतः टाइप करायला बसली. तिला कुठलं येतंय! एकेक अक्षर शोधत, एका बोटानं.

‘जेवलीस का?’

एवढ्याला तिला चार मिनिटं लागली. मला समोरचं दिसेना. डोळे पुसून मी लिहिलं, ‘जेवले. पोटभर.’

तेवढ्यात स्वयंपाकघरातून हाक आली. “अगं, चहा निवतोय!”

मी गडबडीनं उठले. उठता उठता, कुणाच्याही घरून निघताना म्हणतो तसं, नुसत्या सवयीनं टाइप केलं, ‘बरं, येते.’

निरोप घेतला मी. दुसरं काहीच मनात नव्हतं.

पडदा थबकला. मग अक्षरं धावत सुटली.

‘आई, येते म्हणाली! बबडी येते म्हणाली!’

‘अगं, तसं नाही,’ मी टाइप केलं.

उमटलं नाही.

पुन्हा टाइप केलं. कळा दाबल्या जात होत्या, आवाज होत नव्हता.

मी स्वयंपाकघरात गेले. हे खिडकीपाशी उभे राहून चहा पीत होते. ओट्यावर दुसरा कप नव्हता.

“माझा कुठाय?”

ह्यांनी वळून पाहिलं नाही.

बेल वाजली. ह्यांनी जाऊन दार उघडलं. सर्वेक्षणाला आलेली बाई होती, हातात कागद घेऊन.

“घरात किती जण, काका?”

“एकटाच.”

मी त्यांच्या मागे, हातभर अंतरावर. “अहो,” म्हणाले. मग ओरडून म्हणाले.

“लग्न?” बाईनं मान वर न करता विचारलं.

मागे वळून त्यांनी रिकाम्या घराकडे पाहिलं, मी उभी होते अगदी तिथेच, आणि कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवायचा प्रयत्न केला.

“राहून गेलं,” ते म्हणाले.