कच्चे दिंड

फोन आला तेव्हा लिंबाजीराव दाढीला साबण लावून बसले होते.

"काका, आत्ताच्या आत्ता या. चोरी झालीया."

"काय गेलं?"

"काडेपेटीएवढं कापड."

लिंबाजीरावांनी अर्धी दाढी केली होती. उरलेली अर्धी तशीच पुसून त्यांनी चपला घातल्या.

लिंबाजीराव म्हणजे एसटीचे निवृत्त तिकीट तपासनीस. उमरगा डेपोत अजून सांगतात, ते गाडीत चढले की बिनतिकीट माणसाला आपोआप उचकी लागायची. एकदा तर एक बोकड न सांगता आपण होऊन खाली उतरला. यातलं बोकडाचं खरं आहे, उचकीचं लोक जरा वाढवून सांगतात.

फोन मल्लिनाथचा होता. हायवेच्या अलीकडच्या गल्लीत त्याचा हातमाग. दिवसभर सतरंज्या आणि पंचे विणायचे, आणि हात मोकळा झाला की मोबाईल घेऊन बसायचं. विणकाम, भरतकाम, रंगकाम यांची जुनी पुस्तकं आणि मासिकं तो रद्दीतून वेचायचा आणि ऑनलाईन लिलावात लावायचा. दूरदूरची माणसं बोली लावायची. 'जसं फोटोत तसं हातात' हे त्याचं ब्रीद होतं. आजवर एकाही गिऱ्हाइकानं त्याच्या नावापुढं वाईट शेरा मारला नव्हता. त्या नावावरच मागाला सूत येत होतं.

लिंबाजीराव पोचले तेव्हा मल्लिनाथ मागाच्या खोलीत डोकं धरून बसला होता. पुढं एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं.

"जुन्या हातमाग प्रदर्शनाचं पुस्तक हाय काका. छापलेलं वर्णन, अन् पानोपानी खऱ्या कापडाचे तुकडे चिकटवलेले. हे बघा, ह्या पानावर आमच्या अप्पांचा, माझ्या वडलांचा, तुकडा होता."

पान रिकामं होतं. मधोमध एक फिकट चौकोन, आणि त्याखाली छापलेलं नाव: महालिंगप्पा, उमरगा.

"घेतलं कुणी?"

"नागपूरच्या सोनालीताईंनी. त्यांचं हातमागाचं प्रदर्शन हाय. लिलाव संपला तवा त्यांनी लिहिलं, हे पान मधोमध मांडणार, विणकराचं नाव मोठ्या अक्षरात लावणार, अन् त्यांनाच उद्घाटनाला बोलावणार. म्या सगळ्यांना वाचून दाखवलं. अप्पांना इतका आनंद झाला की जेवणसुद्धा गेलं न्हाय त्यांना."

"मग?"

"पुस्तक कपड्यात गुंडाळून सुतानं बांधून ठेवलं. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. घरात कात्री चालत न्हाय, मग खोक्याची चिकटपट्टी कापायची कशी? म्हणून आज सकाळी गठुळं सोडलं. खोक्यात घालताना पानोपान व्हिडिओ काढतो मी, तवा दिसलं. आज न्हाय पाठवलं तर सौदा मोडतो. असंच पाठवलं तर मी लबाड ठरतो."

"गाठ कशी होती?"

"माझीच. म्हणजे... आमच्या विणकरांचीच. सूतबी अख्खं."

लिंबाजीरावांनी पान उजेडाला धरलं. ना ब्लेडची रेघ, ना फाटल्याची खूण. कागद मात्र पापडासारखा फुगून वाळला होता. त्यांनी पान नाकाशी नेलं, हुंगलं, आणि विचित्र चेहरा केला.

"काय?" मल्लिनाथनं विचारलं.

"भूक लागली," लिंबाजीराव म्हणाले.

पहिला सापडला बजरंग. हे पुस्तक त्याच्याच रद्दीच्या दुकानातून आलं होतं. लिंबाजीराव दारात दिसताच बजरंगच्या कपाळावर घाम आला.

"म्या काय बी केलं न्हाय!"

"मी अजून विचारलं कुठं?"

"बरं, केलं. त्याला विकलेल्या मासिकातली चार पानं म्या आधीच काढली होती. भजी बांधायला. पण हे पुस्तक न्हाय हो! काल मी दिवसभर दुकानात गठ्ठ्यांच्या सुतळ्या कापत होतो. बायको ओरडत होती, आज कापू नका म्हणून. दुपारी तेवढा मल्लिनाथकडं जेवायला गेलो."

"काय होतं जेवायला?"

"दिंड. पुरणाचे. सांगू नये, पण मधनं कच्चे. पोटात अजून गोळा हाय."

दुसरा शंभुलिंग, मल्लिनाथचा चुलतभाऊ. शेजारच्याच घरात त्याचा माग. लिंबाजीरावांकडं पाहून त्यानं धोटा खाली ठेवला आणि हात कुठं ठेवावेत हे त्याला कळेना.

"काका, मीच तो."

"कोण?"

"लिलावात 'पुणेकर' म्हणून बोली लावणारा. पुस्तक घ्यायचं नव्हतंच. मल्लिनाथचं एवढं कौतुक बघवंना, म्हणून त्या बाईंना दमवत होतो. मग भ्यालो, आपल्याच गळ्यात पडलं तर, अन् सोडून दिलं."

"काल कुठं होतास?"

"मागावर. सतरंजी उतरवली. कात्री लावून कापली. सगळ्या गल्लीनं आवाज ऐकला, शिव्या बी दिल्या."

"दिंड खाल्लेस?"

"एक खाल्ला. वैनींच्या हातचे असे कधी न्हाय होत. पीठ दाताला चिकटत होतं."

तिसरी श्रीदेवी, मल्लिनाथची बायको. स्वयंपाकघराच्या चौकटीशी पदर पिळत ती उभी होती. सासू ऐकत नाही ना, हे तिनं आधी पाहून घेतलं.

"काका, पाप झालं माझ्या हातनं. कुणाला सांगू नका. काल आमटीला कोथिंबीर म्या विळीनं चिरली. अत्ती म्हणत होत्या, हातानं तोड. पण हातानं तोडलेली बरी दिसत न्हाय."

"तुकड्याचं बोल, पोरी."

"तुकडा? तुकडा मी कशाला घेऊ?"

"दिंड कच्चे का राहिले?"

श्रीदेवीच्या डोळ्यांत पाणी आलं. तुकड्यापेक्षा ही जखम खोल होती. "तेच कळंना! मोदकपात्र चुलीवर ठेवलं, वाफ धरली, मग मी, अत्ती, हे, आमी सगळे वारुळाला गेलो. ह्यांनी गाडीवरनं नेलं, तिथंच थांबले. परत आलो तवा पाणी आटलेलं अन् दिंड पांढरे. झाकण तर नीट बसवलं होतं की."

"घरी कोण होतं?"

"मामंजीच. त्यांनाच म्हणलं होतं, जरा लक्ष ठेवा."

मागाजवळ शिवम्मा, मल्लिनाथची आई, धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरत बसली होती. कांड्यांची टोपली मांडीवर. चहा आला तरी टोपली खाली ठेवली नाही, एका हातानं कपबशी आणि दुसऱ्या हातानं टोपली.

"अव्वा, तुम्हाला काय ठाऊक हाय?"

"मला काय ठाऊक असणार?" ती खालीच बघत होती. "मी आपली कांड्या भरते. साकु," ती कानडीत म्हणाली, "पुरे झालं हे विचारणं."

राहिले महालिंगप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतर पांढरंशुभ्र, ताठ बसलेले. त्या घरात एवढाच एक चेहरा स्वच्छ होता. ते म्हणाले, "लिंबाजीराव, चोराला सोडू नका. पण असंबी बघा, गेला तर गेला. जुनं चिंधूक. त्या बाईंना सांगून टाका, तुकडा न्हाय म्हणून."

"अन् तुमचं नाव?"

"नावाचं काय एवढं."

लिंबाजीरावांनी आपल्या अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. मग सगळ्यांना मागाच्या खोलीत बोलावलं. बजरंगही आला, पोट धरून.

"गाडीत मी चढलो," लिंबाजीराव म्हणाले, "की तिकीट असलेली माणसं घाबरी व्हायची. खिसे चाचपायची, पिशव्या उलट्या करायची. ज्याच्याकडं तिकीट नसायचं तो निवांत बसायचा. कारण त्याला शोधायचं काहीच नसायचं. आज हे घरभर खिसे चाचपणं चाललंय. ह्यानं भजी बांधली, त्यानं खोटी बोली लावली, हिनं कोथिंबीर..."

श्रीदेवीनं कळवळून पाहिलं.

"...कोथिंबीर फार छान घातली. असो. आता तुकडा. तो कडेनं खळीनं चिकटवलेला होता. ब्लेड घातलं तर चुटकीसरशी सुटला असता. चोरानं ब्लेड लावलं न्हाय. का? काल नागपंचमी होती. चोरी करताना त्याला भीती वाटली न्हाय, पण कापायची वाटली. असा माणूस कोण? बजरंग सुतळ्या कापत होता. शंभुलिंगनं सतरंजी कापली. श्रीदेवी..." ते थांबले. "तिचं मी सांगत न्हाय. ती तसली न्हाय, एवढं धरून चाला."

"मग काढला कसा?" मल्लिनाथनं विचारलं.

"पान हुंग."

मल्लिनाथनं हुंगलं. "जायफळ?"

"पुरणातलं. वाफेनं खळ सुटते. कुणीतरी मोदकपात्राचं झाकण उघडून हे पान वाफेवर धरलं, चांगला वेळ धरलं. पान फुगलं, तुकडा अलगद सुटला. अन् वाफ सगळी छताला गेली. म्हणून दिंड कच्चे. पुस्तक परत गुंडाळून सूत विणकराच्या गाठीनं बांधलं. बायका वारुळाला, मल्लिनाथ त्यांच्याबरोबर. घरात विणकर एकच."

सगळे महालिंगप्पांकडं वळले. बाहेर हायवेवर ट्रक जात राहिले.

"अप्पा?" मल्लिनाथ उठून उभा राहिला. "तुमचंच नाव होतं की त्याच्याखाली!"

"तेच तर," लिंबाजीराव म्हणाले. "बाईंचा निरोप वाचला तवा सगळ्यांना वाटलं, आनंदानं जेवण गेलं न्हाय. आनंदानं माणूस एक भाकरी जास्त खातो. अप्पा, पकडले जाल म्हणून तुम्ही घाबरला न्हाय. कौतुक होईल म्हणून घाबरला. अन् चोर माल लपवतो आपल्याजवळ. तुम्ही दुसऱ्याकडं पोचता केला. अव्वा, ती टोपली जरा खाली ठेवता का?"

शिवम्मानं टोपली ठेवली. वरच्या कांड्या तिनंच बाजूला केल्या. तळाशी तो होता, काडेपेटीएवढा, डाळिंबी आणि काळ्या रंगाचा. बारीक चौकड्यांच्या मधे एक-एक पिवळा धागा, दिव्याच्या वातीसारखा.

महालिंगप्पांचा ताठ कणा वाकला.

"त्या साली माझ्या हाताला गळू झालं होतं," ते म्हणाले. "प्रदर्शनाला कापड द्यायचं कबूल केलेलं. आमच्या घरात बाईनं कांड्या भरायच्या, मागावर बसायचं न्हाय. वडलांचा दंडक. दार लावून ही बसली. मी दाराशी राखणीला उभा. असलं कापड मला जन्मात जमलं नसतं. माझ्या नावानं गेलं. शाल मिळाली, नारळ मिळाला. शाल मी पांघरली. नारळ मी फोडला, हिला खोबरं दिलं. तेवढंच दिलं मी हिला त्याच्यातलं."

"मग सांगितलं का न्हाय, अप्पा?"

"वडील होते तवा त्यांची भीती. ते गेल्यावर लोकांची. नंतर तर तुझीच. परवा तू ते वाचत होतास, तुझा चेहरा बघवंना. म्हणलं, ज्याचं त्याला देऊन टाकू. नाव कोऱ्या पानाखाली राहू दे, कोऱ्याच लायकीचं हाय."

"अन् माझं नाव?" मल्लिनाथ म्हणाला. "बाजारात मी चोर ठरलो असतो, अप्पा."

म्हाताऱ्याची मान छातीवर गेली.

"माझंबी चुकलं," शिवम्मा हळूच म्हणाली. "काल सांजच्यालाच सापडला मला. वाटलं, एवढ्या वर्षांनी ह्यांनी दिला. तोंडानं न्हाय तर टोपलीत. पोरगं तळमळताना दिसत होतं, तरी सोडवंना मला. एक रात्र जवळ ठेवला."

मल्लिनाथनं मोबाईल उचलला. त्यानं सोनालीताईंना व्हिडिओवर फोन लावला आणि फुगलेलं पान, सुटलेला तुकडा, सगळं दाखवलं. तुकडा परत चिकटवून देतो, नको असेल तर सौदा मोडा, शेरा मारायचा तर मारा, म्हणाला.

पलीकडून बाईंचा आवाज आला.

"आधी सांगितलंत म्हणून शेरा नाही मारत. पान फुगलेलं चालेल मला. पण पाटीवर चुकीचं नाव नाही चालायचं. खरं नाव कोणाचं लावू?"

मल्लिनाथनं तोंड उघडलं, पण महालिंगप्पांनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. उलटा धरला होता, लिंबाजीरावांनी सुलटा केला. त्या घरात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. आजवर त्यांनी तिला 'ए' आणि 'ऐकलं का' याच्यापलीकडं काही म्हटलं नव्हतं.

"शिवम्मा," ते म्हणाले. मग लेकाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "लिहा ताई. विणलं शिवम्मानं. फुकटची शाल महालिंगप्पानं पांघरली, हे बी लिहा."

श्रीदेवी खळ शिजवायला उठली. शंभुलिंगनं न सांगता खोकं आणलं. शिवम्मानं तुकडा स्वतःच्या हातानं जागेवर बसवला आणि वरून तळहात दाबून धरला, जरा जास्तच वेळ.

महालिंगप्पा तिच्यासमोर बसले होते. मान अजून वर होत नव्हती.

"माफ केलं का?" त्यांनी विचारलं.

"कापडाचं केलं," शिवम्मा म्हणाली. "पण सणाचे दिंड वाया घालवले आन् सुनेला रडवलं. त्याचं न्हाय. उठा, पुरण वाटायला बसा."