सूर्याआडचे आजोबा

शेंगदाणे खाऊन कुणी वेळ मोजतं का? कृत्तिका मोजायची. गेल्या वर्षी तिचा अभ्यासवर्ग सुरू झाला, तेव्हा प्रश्न विचारून मूठभर शेंगदाणे एकेक करून खाल्ले की आजोबांचं उत्तर हजर. आता अख्खी वाटी संपते, बोटांना मीठ चिकटतं, तरी पडदा आपला काळाच. असं का होत होतं?

कृत्तिका मंगळावरच्या लालमाळ वसाहतीत राहायची. तिथल्या समाजमंदिरात संध्याकाळी मुलांना अभ्यासात मदत मिळे. शिकवणारे उपळेकर आजोबा मात्र पृथ्वीवर, परतूरच्या समाजमंदिरात बसलेले. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. वसाहतीत कृत्तिकाच्या वयाचं कुणीच नव्हतं. दोन तान्ही बाळं होती आणि बारावीतला एक दादा, जो तिच्याशी "सरक" एवढंच बोलायचा. त्यामुळे वर्गात सतरंजी भली मोठी आणि विद्यार्थिनी एक. तिला फार एकटं वाटे. आजोबांचा चेहरा पडद्यावर आला की तेवढ्यापुरतं वाटत नसे.

त्या संध्याकाळी वाटी रिकामी झाली आणि तिचा धीर सुटला. "आजोबा, माझा कंटाळा आला असेल तर नका शिकवू. मीसुद्धा येणार नाही," असा निरोप तिने पाठवला आणि मग रडत बसली.

वर्ग सांभाळणारा यंत्रमानव ठोंब्या कुरकुरत जवळ आला. "काय झालं?"

"आधी आजोबा लगेच बोलायचे. आता रोज जास्तच उशीर. नकोशी झालेय मी त्यांना."

"हात्तिच्या! तुला हे कुणी सांगितलंच नाही?"

खरंच नव्हतं सांगितलं. वसाहतीतल्या मोठ्यांना ती गोष्ट इतकी सवयीची होती, की लहान मुलीला सांगायचं कुणाला सुचलंच नाही. मोठ्यांचं हे नेहमीचंच.

ठोंब्याने सतरंजीच्या मधोमध दिवा ठेवला. "हा सूर्य. तू मंगळ. बाहेरच्या वर्तुळावर सावकाश चाल. मी पृथ्वी, आतल्या वर्तुळावर भरभर." त्याने लोकरीचा गुंडा तिच्या हाती दिला आणि टोक स्वतः धरलं. "तुझा प्रश्न या वाटेने जातो, रेडिओ लहरींवर बसून (या लहरी म्हणजे प्रकाशाच्या बहिणी, फक्त डोळ्यांना न दिसणाऱ्या). त्यांचा वेग ठरलेला."

सुरुवातीला दोघं शेजारी होते आणि धागा वीतभर. मग पृथ्वी पुढे पळाली. गुंडा सुटत गेला, धागा लांबत गेला.

कृत्तिका थबकली. "म्हणजे आजोबा उशीर करतच नाहीत! वाट लांब झालीय!"

"बरोब्बर. आता प्रश्न जाऊन उत्तर यायला पाऊण तास लागतो."

आणखी थोडं चालल्यावर धागा दिव्याला अडला. "ही झाली युती (इथून पाहताना पृथ्वी सूर्याच्या मागे जाणं)," ठोंब्या म्हणाला. "सूर्याच्या गोंगाटात निरोप विरून जातात. म्हणून आज वर्ग सुटला की दोन आठवडे संपर्क बंद."

कृत्तिकाचं तोंड उतरलं. "मग माझा तो निरोप? परत बोलाव ना त्याला!"

"सुटला तो."

"मग दुसरा पाठवते. तो आधी पोचू दे."

"दोघांचा वेग एकच. मागून निघालेला पुढच्याला गाठणार कसा? आणि प्रकाशाहून जोरात कुठलाच निरोप धावत नाही."

तरी तिने पाठवला. "आजोबा, चुकलं माझं. वाट लांब झालीय हे मला माहीतच नव्हतं." मग ती पडद्याकडे बघत बसली. शेजारी शेंगदाण्यांची बरणी होती, पण तिला हात लावला नाही. आजोबा दोन आठवडे तिचं ते कडू बोलणं उराशी घेऊन बसले तर? तिला ते सोसवेना.

वर्ग सुटता सुटता पडदा उजळला. उत्तर पहिल्या निरोपाचं होतं.

"कंटाळा? अगं बाई, मला वाटलं तूच कंटाळलीस! तुझे प्रश्न रोज उशिरा यायला लागले. आता हे गणित मी जन्मभर पोरांना शिकवलं, पण रिकाम्या खोलीत बसलं की मन ऐकत नाही बघ. इथं आता कुणी येत नाही. तू आहेस म्हणून मी कुलूप उघडतो. सूर्य बाजूला झाला की ये. मी बसलेलो असेन."

पडदा विझला.

"दुसऱ्या निरोपाचं उत्तर राहिलंच," ठोंब्या हळहळला.

कृत्तिका विचार करत होती. "पण ठोंब्या, हे उत्तर वाटेत होतं ना, तेव्हाच माझं 'चुकलं' तिथं पोचलं असणार. आजोबांनी ते ऐकलंय. मला दिसलं नाही, एवढंच."

ठोंब्याचे दिवे लुकलुकले. यंत्रमानवाला याहून जास्त खूश होता येत नाही.

"आणि युतीनंतर?" तिने विचारलं.

"धागा आखडायला लागेल. रोज थोडा थोडा."

तिने धागा दिव्यावरून सोडवला. "मग चल, हो पुन्हा पृथ्वी." दोघं चालू लागले. ठोंब्या वळसा घालून मागून जवळ जवळ येत गेला आणि ती लोकर गुंडाळत राहिली. तो वीतभर अंतरावर आला तेव्हा ती थांबली, डोळे पुसले आणि पृथ्वी अशी जवळ येईल तेव्हासाठी बरणीतले मूठभर शेंगदाणे वेगळे काढून ठेवले.