दुसरी कमाई

"अहो, तुमचा कागद!"

झेरॉक्सच्या दुकानातून बाहेर पडून मी रस्ता ओलांडणार, तेवढ्यात मागून हाक आली. चष्मा कपाळावर ढकललेला एक उंच माणूस हातात कागद घेऊन धावत येत होता. प्रती घेऊन मी निघाले होते आणि मूळ कागद मशीनच्या काचेवरच राहिला होता. सकाळी ते पत्र उघडल्यापासून माझं डोकं ठिकाणावर होतंच कुठे?

"वाचलात?" मी कागद जवळजवळ हिसकावलाच.

"आकडा तेवढा दिसला." त्याला धाप लागली होती. "सवय आहे हो. मी करसल्लागार आहे. इथेच, दुकानाच्या वर."

"मग सांगा, चुकलाय ना हा आकडा?"

त्याने चष्मा डोळ्यांवर ओढला, कागद वाचला... आणि गप्प झाला. डॉक्टर असे गप्प झाले की नातेवाइकांचे चेहरे कसे होतात, ते मी रोज पाहते. डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते ना मी! संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी एका स्टुडिओसाठी आवाज देते — जाहिराती, माहितीपट, फोनवरच्या सूचना, मिळेल ते. दादा मला 'भोंगा' म्हणतो.

"चुकलेला नाही," तो हळूच म्हणाला.

कर खात्याला माझ्याकडून तीन पगारांएवढी रक्कम हवी होती, आणि बँकेत माझे बरोबर तेवढेच पैसे होते. ते दुसऱ्या शहरातल्या वर्षभराच्या आवाज-प्रशिक्षणासाठी साठवलेले. निवड झाली होती, फी भरायला दहा दिवस उरले होते. हातातोंडाशी आलेला घास, आणि मध्येच हे!

"पण दोन्हीकडून कर कापूनच पैसे येतात!" त्याच्या ऑफिसातल्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून मी जवळजवळ ओरडले.

"इथेच तर घोडं पेंड खातं. दवाखान्याला वाटतं, तो पगार म्हणजेच तुमची सगळी कमाई. म्हणून ते कमी दराने कर कापतात. स्टुडिओ ठरलेले दहा टक्के कापून मोकळा. एकाला दुसऱ्याचा पत्ताच नाही. वर्षाअखेरीस खातं दोन्हींची बेरीज करतं. बेरीज मोठी, म्हणून दर मोठा. राहिलेला फरक तुम्ही भरायचा."

"म्हणजे दोघांनाही वाटत होतं, माझं दुसरं कुणी नाही?"

"अगदी!" त्याला हसू आवरेना.

इथे माझे डोळे भरून आलेले आणि हा माणूस हसतोय! असा राग आला... आणि मग काय झालं कोण जाणे, मलाच खुदकन हसू फुटलं.

"तिसरं कुणी नाही ना?" त्याने विचारलं आणि घाईघाईने फायलीत डोकं घातलं. "म्हणजे... कराच्या दृष्टीने विचारतोय."

"कराच्या दृष्टीने नाही," मी म्हटलं. "इतर कुठल्याही दृष्टीने नाही."

त्याचे कान लाल झाले.

मग रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्याच्याकडे जाऊ लागले. कामासाठी केलेला खर्च कमाईतून वजा होतो, म्हणून आम्ही पावत्या शोधत होतो. माईक सापडला, हेडफोन सापडले.

"आणि रेकॉर्डिंग कुठे करता?"

"कपाटात. आतून रजया लावल्यात, आवाज घुमत नाही."

"कपाटात?" तो बघतच राहिला. "रजयांची पावती?"

"आईच्या आहेत."

"मग आईची माया वजा करता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला.

आकडा थोडा खाली आला, पण पुरेसा नाही. एकच वाट होती: हप्त्यांनी भरण्याची परवानगी. त्याने खात्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला, स्पीकर चालू केला.

"आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. कृपया प्रतीक्षा करा."

मी ताडकन उभी राहिले. "अहो, ही मी आहे!"

"काय?"

"मी! गेल्या वर्षी स्टुडिओत चाळीस वाक्यं म्हणून घेतली होती. कुणासाठी ते सांगितलंच नाही मेल्यांनी!"

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "या बाईंना मी वर्षभर शिव्या घालतोय..."

"घाला ना. बाई समोरच बसल्यात."

"थोड्याच घातल्या," तो पुटपुटला. "बाकी..."

"बाकी काय?"

"बाकी कधीकधी वाटायचं, पलीकडून कुणी फोन उचलूच नये."

नेमका तेव्हाच पलीकडून कुणीतरी "बोला" म्हणालं, आणि काय बोलायचं ते तो साफ विसरला. मीही विसरले होते. माझ्याच आवाजावर कुणी असं भाळलेलं असेल, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

अर्ज त्याने दोनदा लिहिला, दोनदा तपासला.

"एवढी मेहनत कशाला?" मी चिडवलं. "नामंजूर झाला तर मी इथेच राहीन."

तो हसला नाही. "म्हणूनच दोनदा तपासला. माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

त्या दिवशी दवाखान्यात मी तिघांना रांगेचे चुकीचे नंबर दिले.

नवव्या दिवशी परवानगी आली. बारा हप्ते! मी आनंदाने टाळ्या पिटल्या आणि तिसऱ्या टाळीला हात थांबले. आता खरंच जायचं होतं. वर्षभर. त्याने सहीसाठी कागद माझ्यापुढे सरकवला.

"एकही हप्ता चुकला तर परवानगी रद्द होते," तो म्हणाला.

"बँकेतून आपोआप जातील ना?"

"तशी सोय आहे. त्या चौकोनात खूण करायची असते."

"मग केलीत ना?"

"नाही."

"विसरलात?" मी कागदावरून मान वर केली. स्वल्पविराम दोनदा तपासणारा हा माणूस चौकोन विसरतो?

"विसरलो नाही." त्याने टेबलावरची टाचणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. "दर महिन्याच्या पाच तारखेला मी फोन करीन म्हणतो... आठवण करून द्यायला."

"बारा महिने?"

"बारा महिने."

"म्हणजे... मुद्दाम?"

"मुद्दाम."

पेन हातात होतं, चौकोन समोर रिकामा होता. खूण करायला एक क्षण पुरला असता. मी खाली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"पाच तारखेचं ठरलं," मी म्हटलं. "महिन्याच्या बाकीच्या दिवसांत काय करणार आहेस?"