राखणीचे रविवार

माझ्या गोफणीचा दगड मास्तरांच्या टोपीला चाटून गेला. नेम त्यांच्यावर नव्हता, पाणकोंबडीवर होता. पण आमच्या भाताच्या कडेला, लव्हाळ्यात, एखादा शहाणा माणूस पालथा पडलेला असेल हे कुणाच्या ध्यानीमनी यावं?

"दगड नको मारू गो," चिखलानं माखलेला तो माणूस उठत म्हणाला. "आत्ता कुठं बाहेर आली होती..."

"म्हणून तर मारला. तुमी कोण?"

तो चंदर. मूळचा मुरबाडचा, शहापूरच्या शाळेत मास्तर. रविवारी पाखरं बघायला आमच्या शेताला लागून असलेल्या सापगावच्या तळ्यावर चालत यायचा.

"पाखरं काय बघायची? आमी हाकलतो त्यांना."

"एकदा बघ. मग हाकल."

बघितलं. निळाजांभळा रंग उन्हात झळकत होता, चोच आणि पाय लालभडक. एका पायात भाताची लोंबी धरून ती सावकाश खात होती, पंगतीतल्या मानाच्या पाहुणीसारखी. अठरा वर्षांची झाले होते मी, पाच वर्षं तिला दगड मारत होते, आणि तिचा रंग मला त्या दिवशी दिसला.

पुढच्या रविवारी मास्तरांनी कमळाच्या पानांवरून चालणारा पक्षी दाखवला. आम्ही बांधाबांधानं तळ्याला फेरी मारली. बांध फुटला होता तिथं त्यांनी हात पुढं केला... मला गरज नव्हती, तरी धरला. इतका वेळ गप्प राहून कशाकडे बघणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. मग एकदा ते माझ्याकडेच तसं बघताना दिसले.

"पाखरू तिकडं हाय, मास्तर."

"ठाव हाय मला."

मला फार आवडलं ते. पण कापणी झाली की खर्डीची माणसं मला बघायला येणार होती, आणि बा त्यांना शब्द देणार होता. मी तसं सांगितलं. मास्तर पाखरांच्या नोंदींच्या वहीत मान घालून बसले.

"कापणीला किती दिस?"

"पंधरा."

बस्स, एवढंच बोलणं. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी बा शेतावर आला. तळ्याकडच्या कोपऱ्यात नुसत्या काड्या उभ्या होत्या.

"राही, एरवी तू चिमणी उतरू देत नाय. हे कसं झालं?"

मी काही बोलायच्या आत मास्तर लव्हाळ्यातून बाहेर आले.

"माझ्यापायी झालं, काका. मीच दगड मारू दिला नाय."

बा त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळत राहिला. "पाखरं बघायला येता, का माझी पोर?"

"आधी पाखरंच..." मास्तरांचे कान लाल झाले. "आता दोनी."

"मग उरलेलं भात तुमी राखा. बघू जमतं का."

दिवाळीची सुट्टी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर मचाणावर माझी गोफण घेऊन बसले. मी शेजारी, बा खाली बांधावर विडी ओढत. थोड्या वेळानं लव्हाळं हललं. सात-आठ पाणकोंबड्या भातात शिरल्या. मास्तरांचा हात काही उठेना.

"मारा," मी हळूच म्हटलं. "नायतर खर्डीचे येतील."

त्यांनी डोळे मिटले आणि गोफण फिरवली. दगड लांब पाण्यात पडला. सगळा जांभळा घोळका फडफडत लव्हाळ्यात शिरला. मास्तरांनी गोफण खाली ठेवली.

"राही... आई उद्या मुरबाडहून येतेय. मागणी घालायला. तुला चालेल ना?"

ज्याला पाखरावर दगड उचलवत नव्हता, त्यानं माझ्यापायी तो उचलला होता.

"चालेल," मी म्हटलं, बाला ऐकू जाईल अशा आवाजात. "मला तुमीच पायजे."

बानं वर पाहिलंही नाही. विडी विझवली आणि म्हणाला, "मग खर्डीला निरोप धाडतो."