दोन ओळींमधली जागा

दादानं गाणं पाठवलं तेव्हा धाकटी रविवारची भाजी चिरत होती. फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून तिनं ते लावलं. गाणं संपलं, भाजीही चिरून झाली. सुरुवात झाली ती इतकी साधी.

घरात सगळे तिला धाकटीच म्हणत, पन्नाशी जवळ आली तरी. तिचं काम आवाज साफ करण्याचं. एका स्टुडिओत माणसं येऊन पुस्तकं वाचून जात, आणि त्यांच्या मागे उरलेले खोकले, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुरगुर, सगळं ती काढून टाकी. तिचा कान असा तयार झाला होता की नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर शिंकायचीही चोरी."

दादा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला आणि आता घरी बसला होता. वहिनी जाऊन वर्ष उलटलं होतं. तरुणपणी त्याला ब्लूजचं वेड होतं. ती संथ, दुखऱ्या आवाजाची गाणी. एकच ओळ दोनदा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. आणि प्रत्येक ओळ संपली की थोडं थांबायचं, त्या थांब्यात गिटारनं बोलायचं. वहिनी गेल्यावर त्यानं माळ्यावरची गिटार खाली काढली, आणि बैठकीच्या खोलीत एकटाच बसून फोनवर स्वतःचं पहिलंवहिलं गाणं रेकॉर्ड केलं.

*खुर्ची तुझी रिकामी, तिच्यात ऊन येऊन बसतं,*
*खुर्ची तुझी रिकामी, तिच्यात ऊन येऊन बसतं,*
*ऊठ म्हणावं कुणाला, ऊन कुठे कुणाचं असतं.*

"खरं सांग हं," संध्याकाळी तो फोनवर म्हणाला. "माझं मन राखायला बोलू नकोस."

"शब्द छान आहेत, दादा. आवाजही चालेल, फक्त फोन इतका लांब ठेवू नकोस. मागे फ्रिज घरघरतोय. दुसरी तार उतरलीय. आणि ओळ संपली की तू नुसता गप्प बसतोस, त्याचं काहीतरी कर."

"म्हणजे?"

"गाण्याला भोकं पडल्यासारखी वाटतात. ऐकणारा उठून जाईल. गिटारनं भर ना त्या जागा."

तो हळूच म्हणाला, "त्या जागा राहू देत म्हणतो मी."

"मग विचारलंस कशाला?"

"तेही खरंच. बरं... बघतो."

त्यानं ऐकलं. धाकट्या बहिणीचं तो नेहमीच ऐकायचा. आठवड्याभरात नवं रेकॉर्डिंग आलं. तार जुळवलेली, आवाज जवळ आलेला. जागा मात्र तशाच. या खेपेला तिनं स्टुडिओत, चांगले हेडफोन लावून ऐकलं, आणि पहिल्याच ओळीनंतर तिच्या कपाळाला आठी पडली. त्या थांब्यात मागे कुणीतरी गुणगुणत होतं. बाईचा आवाज, ओठ मिटलेले. गुणगुणणं ओळीच्या चालीवर, पण सुरापासून जरा घसरलेलं.

तिनं लगेच फोन लावला. "दादा, रेडिओ बंद करून बस की. मागे कुणी बाई गुणगुणतेय."

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग दादाचा कुजबुजता प्रश्न आला. "तुलाही ऐकू आलं?"

"न यायला काय झालं? चांगलं स्पष्ट आहे. आणि बेसूर आहे."

"ती तशीच गायची," दादा म्हणाला. त्याचा आवाज आनंदानं कापत होता. "मला वाटायचं, मलाच भास होतोय. मी ओळ म्हणून थांबतो ना, तेव्हा ती... मी म्हणून तर जागा ठेवतो गं."

स्टुडिओतल्या थंडगार खोलीत धाकटीच्या मानेवर काटा आला. वहिनी खरंच तशी गायची. भांडी विसळताना, कपडे वाळत घालताना, सुराच्या अलीकडे जरासं राहून. पण काटा क्षणभरच टिकला. मग तिला भीती वाटू लागली ती दादाची. म्हातारपणी एकटा माणूस, दिवसभर एका खोलीत, आणि आता हे. तोच तिच्यासारखा आवाज काढून गुणगुणत असणार, आणि त्याला कळतही नसणार. हे वेळीच थांबवलं नाही तर माणूस हातचा जाईल. तिनं असं ठरवलं. त्याच्या भल्यासाठी ठरवलं. पुढे तिला सगळ्यात जास्त छळलं ते यानंच.

शनिवारी दुपारी ती रेकॉर्डिंगचं सामान घेऊन त्याच्याकडे गेली. खिडक्या लावल्या, भिंतीला गाद्या उभ्या केल्या, फ्रिजची पिन काढली. खोलीत कोंदट वास दाटला, जुन्या कापसाचा आणि तारांना लावायच्या तेलाचा. दादा स्टुलावर बसला. तिनं हेडफोन चढवले.

"आता कुठेही थांबायचं नाही," ती म्हणाली. "ओळ संपली की लगेच गिटार. एक क्षणही रिकामा नको."

"धाकटे... एकदा तरी थांबू?"

"दादा, गाणं चांगलं व्हायला हवंय ना?"

तो मुकाट्यानं वाजवू लागला. खुर्ची तुझी रिकामी. ओळ संपली आणि धाकटीच्या डाव्या कानात कुणीतरी श्वास घेतला. अगदी जवळ. बोलायला तोंड उघडताना माणूस घेतो, तसा. तेवढ्यात गिटार वाजली आणि तो श्वास तिथेच तुटला.

तिनं दादाकडे पाहिलं. त्याचे ओठ घट्ट मिटलेले, नजर तारांवर.

दुसरी ओळ. पुन्हा श्वास, या वेळी घाईचा, गिटारच्या आधी पोचायला धडपडणारा. गिटार पुन्हा मध्ये आली. धाकटीला हात वर करून दादाला थांबवता आलं असतं. हात मांडीवरच राहिला. दुसऱ्या कडव्यात श्वास लहान झाले, तिसऱ्यात हुंदका गिळल्यासारखे. मग एक ओळ संपली आणि कानात काहीच आलं नाही. पुढच्या ओळीनंतरही नाही. शेवटापर्यंत नाही.

गाणं मात्र असं उतरलं होतं की तोडच नव्हती. सवयीनं तिचा अंगठा वर गेला. दादानं मान हलवली आणि गिटार भिंतीकडे तोंड करून ठेवून दिली.

ज्यानं ऐकलं त्यानं वाखाणलं. दादाचे जुने सोबती त्याला चिडवू लागले, "लिफ्टमध्ये अडकवून ठेवायला हवं होतं तुला, तेव्हाच गायला असतास." तो हसायचा. पण त्याचे फोन कमी झाले. शेवटी तिनंच लावला.

"कसा आहेस?"

"बरा आहे. गाणं छान झालं गं. सगळे म्हणतात." मग तो हळू आवाजात म्हणाला, "घरात आता काही ऐकू येत नाही. फ्रिज चालू असतो, दिसतो मला चालू. पण आवाज नाही."

ती तशीच कामावरून उठून त्याच्याकडे गेली. त्याची दाढी वाढलेली, सकाळचा चहा तसाच गार, साय धरलेला. दुपारचं ऊन फरशीवर पडलं होतं आणि खोलीत खरोखरच कसलाही आवाज नव्हता. रस्त्याचाही नाही.

"दादा, पहिल्यासारखं म्हण," ती म्हणाली. तिचा स्वर तिलाच केविलवाणा वाटला. "जागा ठेवून म्हण. मी चुकीचं सांगितलं."

"चुकीचं नव्हतं. गाण्यासाठी बरोबरच होतं." त्यानं गिटार घेतली, ओळ म्हटली, थांबला. दोघांनी श्वास रोखून वाट पाहिली. काही नाही. दुसरी ओळ. काही नाही. तिसऱ्या ओळीला त्याचा आवाज फुटला.

"तिला बोलताना मध्ये तोडलं की ती गप्पच बसायची," तो म्हणाला. "मग कितीही मनधरणी करा. तुला आठवतंय ना?"

धाकटीला आठवत होतं. तिनं त्याचा हात धरला, त्याच्या समोरच्या मोकळ्या खुर्चीकडे वळून "वहिनी, माझं चुकलं" असंही म्हणून पाहिलं, आणि म्हणताना ती लाजेनं अर्धमेली झाली.

स्टुडिओत परतल्यावर तिनं दादाचं ते गुणगुणणं असलेलं रेकॉर्डिंग उघडलं. निदान तिथे तरी वहिनी असेल, तेवढं तरी दादाला परत देता येईल, अशा आशेनं. दादा गात होता, मागे फ्रिज घरघरत होता. ओळ संपली. जागा आली. त्या जागेत गुणगुणणं नव्हतं, फ्रिज नव्हता, खोलीही नव्हती. पुढची ओळ सुरू झाली आणि फ्रिज पुन्हा घरघरू लागला. इतक्या वर्षांत धाकटीनं हजारो रिकाम्या जागा ऐकल्या होत्या, पण अशी शांतता कुठल्याच खोलीत नसते. कुणीतरी जाताना आपलं सगळं आवरून, पुसून गेलं होतं.

त्यानंतर ती रोज दादाला फोन करू लागली. जेवलास का, फिरायला गेलास का. तो हो म्हणायचा. असे काही आठवडे गेले. मग एका सकाळी, ती पुस्तकातल्या कुणाचा तरी खोकला पुसत असताना, त्याचाच फोन आला.

"तू कुठे आहेस?" त्यानं विचारलं. पुन्हा तो कुजबुजता आवाज.

"कामावर. का रे?"

"नक्की?"

"दादा, झालंय काय?"

"मी आज गिटार घेतली. जागा ठेवून म्हटलं..." तो थांबला. "धाकटे, उत्तर आलं."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "वहिनी?"

"नाही गं. ती बेसूर गायची. ही पक्की सुरात आहे. मला वाटलं, तूच आलीस. मी सगळ्या खोल्या पाहिल्या." तो आणखी हळू बोलू लागला. "आवाज तुझा आहे."

"दादा, तू आधी गिटार खाली ठेव."

"केव्हाच ठेवलीय. ती थांबत नाही... ऐक."

त्यानं फोन दूर धरला असावा. आधी फ्रिज ऐकू आला, नेहमीसारखा घरघरणारा. आणि मग एक बाई, मिटल्या ओठांनी, सावकाश. एकही सूर हललेला नाही, मध्ये श्वासाचा आवाज नाही. आपला आवाज दुरून कसा ऐकू येतो ते धाकटीला धंद्यामुळे चांगलं ठाऊक होतं. तो तिचाच होता.

मग मिटलेले ओठ उघडले आणि आवाज शब्द म्हणू लागला. दादाच्या गाण्यात नसलेली एक नवीच ओळ त्या आवाजानं म्हटली. मग तीच पुन्हा म्हटली, आणि थांबला. त्यानं जागा ठेवली, उत्तरासाठी.

धाकटीनं हात तोंडावर घट्ट दाबून धरला. कारण कधीच न ऐकलेली तिसरी ओळ तिला येत होती, आणि ती तोंडून निसटू पाहत होती.