सात नंबरचा ग्लास

अंधेरीच्या त्या पबमध्ये लोक बिअर पितात. धम्मपाल मात्र आधी चार वेळा ग्लासचा वास घेत बसला, आणि काउंटरमागे उभ्या असलेल्या अक्षताला राहवलं नाही.

"नाडी बघतोस काय रे तिची?"

"बनवली कोणी?"

"मी."

"वास झकास आहे. संत्र्याची साल, थोडं गवत... पण शेवटी जीभ खरखरते."

ग्लासात तिची आयपीए होती. आयपीए म्हणजे कडवट फुलं भरपूर घातलेली तेज बिअर, हे धम्मपालला सांगावं लागत नव्हतं. घाटकोपरचा हा पोरगा स्पर्धांत परीक्षक होता. अक्षताला राग आला. पण तो दर शनिवारी येत राहिला, तोच ग्लास मागत राहिला, तीच तक्रार करत राहिला. आणि एखाद्या शनिवारी उशीर झाला की तिची नजर उगाच दाराकडे जाऊ लागली. दोघांपैकी कोणी काही बोललं मात्र नाही.

मुलुंडला उपनगरातल्या पबची स्पर्धा ठरली, तेव्हा मालक नितेश म्हणाला, "पहिली आलीस तर तुझी आयपीए कायमची टॅपवर. नाहीतर आपली गोड आंब्याची." अक्षताला त्या आंब्याच्या बिअरचा वीट आला होता. तिने कंबर कसली. फुलं उकळीत कमी घातली, थंड झाल्यावर टाकीत जास्त. तीनदा बिअर फसली, चौथ्यांदा जमली. घोटाचा शेवट लख्ख आला, खरखर गेली. धम्मपालला तिने थेंबही चाखू दिला नाही.

रविवारी दुपारी चार परीक्षक बसले, त्यांत धम्मपालही. ग्लासांवर नावं नाहीत, नुसते नंबर. मागच्या खुर्च्यांवर बनवणारे बसले होते, अक्षताही. नियम एकच कडक होता: आपल्या माणसाची बिअर असेल तर तिला मार्क द्यायचे नाहीत.

सातव्या ग्लासचा घोट घेऊन धम्मपालने पेन खाली ठेवलं.

"मी याला मार्क देऊ शकत नाही. ही अक्षताची आहे."

"नुसत्या ओळखीला हा नियम लागत नाही," मुख्य परीक्षक माधुरीताई म्हणाल्या.

"ओळख नाही, मॅडम..." त्याचे कान लाल झाले. "माझं प्रेम आहे तिच्यावर."

मागे अक्षताला हसावं की रडावं कळेना. आनंद तर झालाच होता, खोटं कशाला बोला! पण तिचा ग्लास तीन नंबरचा होता.

नंबर उघडले. सात निघाला मालाडच्या भीमराजचा. तीनच्या कागदावर धम्मपालने पन्नासपैकी चव्वेचाळीस दिले होते आणि खाली लिहिलं होतं, 'शेवट स्वच्छ. बनवणाऱ्याला भेटायला आवडेल.' माधुरीताईंनी चष्मा पुसला आणि नियमाप्रमाणे त्या चव्वेचाळीसवर काट मारली. बाकी तिघांच्या मार्कांवर भीमराज पहिला आला. अक्षता अर्ध्या मार्काने दुसरी.

बाहेर पायरीवर धम्मपाल तिच्यापासून हातभर अंतर ठेवून बसला.

"एवढा वास घेतोस, आणि माझीच ओळखली नाहीस?"

"सातमध्ये ती खरखर होती ना... मला वाटलं, तूच. वर्षभर तीच चव डोक्यात आहे गं."

"ती मी काढली. तूच बोलायचास म्हणून."

"बापरे. म्हणजे माझ्यामुळे..."

"वाट लागली माझी. वर्षभर आंबा आता."

तिने त्याच्याकडे पाहिलं. एवढा हुशार नाकाचा माणूस, आणि चेहरा असा पडलेला.

"पुढच्या वर्षी तुला पूर्ण मार्क—"

"पुढच्या वर्षी तू टेबलावर नसशील."

"का?"

"नियम आहे ना. आपल्या माणसाला मार्क देता येत नाहीत."

त्याला समजायला जरा वेळ लागला. तोवर ती उठलीही होती.

"मंगळवारी टाक्या धुवायच्या असतात. सकाळी आठला ये. आणि बूट घालून ये, चपला नकोत."