होडी गेल्यावरचा पाळणा

रविवारी सकाळी आठ वाजता विशाखा हिवराळेचा फोन वाजला.

"विशाखा, हिमानीला दे गं जरा. तिचा फोन लागत नाही," पलीकडून हिमानीची आई, दमयंतीकाकू बोलत होत्या.

विशाखाच्या हातातला चहाचा कप हातातच राहिला.

"काकू, हिमानी माझ्याकडं नाही."

"असं कसं? काल दुपारी तुझ्याकडं मुक्कामाला जाते म्हणून गेली ना!"

  हिमानी पाठक विशाखाची शाळेपासूनची मैत्रीण. एकोणतीस वर्षांची, फार्मसी कॉलेजात शिकवणारी, आईशी कधी खोटं न बोलणारी. ती खोटं बोलून गेली, याचा अर्थ ती कुणाला तरी भेटायला गेली होती. आणि कुणाला, हे विशाखाला चांगलंच ठाऊक होतं.

वीस मिनिटांत ती ज्योतीनगरमध्ये पाठकांच्या घरी पोचली. शेजारचा मिहिर आधीच आलेला होता. गुलमंडीत त्याचा स्टुडिओ होता. लग्नाचं शूटिंग, अल्बम, जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून देणं, असली कामं तो करायचा. बारा वर्षं शेजारी राहत होता. काकूंचं गॅस सिलिंडर लावण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं तोच बघायचा.

"कळल्याबरोबर आलो मी," तो म्हणाला. "पोलिसांत कळवलं का?"

"कळवलं. खरात म्हणून फौजदार आहेत, फोनवर सगळं लिहून घेतलं त्यांनी," काकू म्हणाल्या.  "विशाखा, खरं सांग. कोण मुलगा आहे?"

विशाखाने सांगून टाकलं. 'समरुची' नावाचं एक संकेतस्थळ होतं. तिथं पगार, पत्रिका कुणी विचारत नसे. आवडीनिवडी लिहायच्या, कोणते सिनेमे आवडतात, का आवडतात ते लिहायचं, आणि ज्याच्याशी जुळेल त्याच्याशी बोलायचं. डिसेंबरमध्ये हिमानीला तिथं प्रणय भेटला. नाशिकचा. फोटो एकच, तोही पाठमोरा. गेले चार महिने हिमानी हवेत होती.

"मी तिला म्हटलं होतं, काकू, एकदा चेहरा तरी बघ. तर म्हणाली, चेहरा काय, सगळेच दाखवतात."

हिमानीचा लॅपटॉप टेबलावर होता. पासवर्ड विशाखाला माहीत होता. ती जिल्हा न्यायालयात स्टेनो होती. साक्षीदार काय बोलला आणि कोणत्या शब्दांत बोलला, हे टिपण्यात तिची आठ वर्षं गेली होती. तिने ते सगळं बोलणं पहिल्यापासून वाचायला घेतलं. मिहिर तिच्या खुर्चीमागे उभा राहून वाचत होता.

प्रणयला हिमानीसारखंच पावसापेक्षा ऊन आवडत होतं. त्यालाही शाळेत असताना कथ्थक बघायचं वेड होतं. आणि दुसऱ्याच दिवशी, हिमानीने विषय काढायच्या आत, त्याने लिहिलं होतं :

'मला एक जुना सिनेमा फार आवडतो, गोदेपल्याड. शेवटी ती होडीत बसून निघून जाते. होडी लांब जाते आणि कुठून तरी बायकांचा पाळणा ऐकू येतो. अंगावर काटा येतो.'

हिमानीचं उत्तर दोन मिनिटांत आलं होतं : 'तुम्हालाही तो पाळणा आठवतो? लहानपणापासून तो माझ्या मनात आहे. आजवर कुणाजवळ बोलले नाही मी हे.'

त्या एका वाक्यापासून ती त्याची झाली होती.

शेवटचा निरोप शनिवारी सकाळचा होता. 'चार वाजता भेटू. जागा मेसेज करतो. नंबर देतोय.'

विशाखाने तो नंबर लावला. बंद.

"मला विचाराल तर हा चिन्मय आहे," मिहिर हळूच म्हणाला.

काकूंनी चमकून पाहिलं. चिन्मयशी हिमानीचा साखरपुडा झाला होता आणि दोन वर्षांपूर्वी मोडला होता. मोडताना तो याच खोलीत म्हणाला होता, "तुला जन्मभर पस्तावा होईल."

"चितेगावला कंपनीत आहे तो," मिहिर म्हणाला. "तुला यायचं तर चल विशाखा, मी गाडी काढतो. पोलीस कधी जातील, काय भरवसा?"

एप्रिलचं ऊन साडेनऊलाच भाजत होतं. गाडी पैठण रस्त्याला लागली. विशाखाच्या डोळ्यांपुढे नको ते दिसत होतं. विहीर. बंद खोली. रस्त्याकडेला पडलेली चप्पल.

कंपनीच्या गेटवर वॉचमनने गाडी अडवली.

"तू जा," मिहिर म्हणाला. "मला बघून तो भडकेल. मी गाडीतच थांबतो."

दहा मिनिटांनी चिन्मय बाहेर आला. अंगात निळा गणवेश, हात तेलाने काळे.

"काल दुपारी कुठं होतास?"

"इथंच. सकाळी सातला आलो, ओव्हरटाइम करून संध्याकाळी सातला सुटलो. आज परत सातला. पंचिंग बघ हवं तर. का?"

"हिमानी कालपासून नाही."

त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा खोटा नव्हता, किंवा फार सफाईने खोटा होता.

"माझ्यावर संशय?"

"तू तिला काय म्हणाला होतास, विसरलास?"

"रागात माणूस बोलतो गं. पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे."

"समरुचीवर नाव आहे तुझं?"

"फोनच बघ ना माझा. पण तो सुटल्यावरच मिळतो. शिफ्टला येताना गेटवर जमा करावा लागतो."

विशाखाने अंधारात खडा टाकला. "गोदेपल्याड पाहिलायस?"

"हो. माझ्या मावशीचा आवडता. दर सुट्टीत बघायला लावायची."

"त्याच्या शेवटी पाळणा कुठून येतो?"

"कसला पाळणा?" तो गोंधळला. "त्यात पाळणा नाहीच. शेवटी ती होडीतून परत येते की! घाटावर सगळं गाव उभं असतं."

तेवढ्यात विशाखाचा फोन थरथरला. हिमानीच्या नंबरवरून निरोप होता :

'विशाखा, मी सुखरूप आहे. प्रणयसोबत आहे. शोधू नका. आईला सांभाळ.'

तिने लगेच फोन लावला. बंद झालेला होता. समोर चिन्मय रिकाम्या, काळ्या हातांनी उभा होता.

हिमानीने तिला आयुष्यात कधी 'विशाखा' म्हटलं नव्हतं. 'विशू' म्हणायची. म्हणजे निरोप दुसऱ्याच कुणी तरी लिहिला होता. हिमानीचा फोन त्याच्या हातात होता. मग हिमानी कुठं होती?

गाडीत बसल्यावर तिने मिहिरला निरोप दाखवला. तो म्हणाला, "बघ, सुखरूप आहे म्हणते. जीव भांड्यात पडला."

"चिन्मय म्हणतो, त्या सिनेमात पाळणा नाहीच."

मिहिरने गिअर बदलला. "त्याला काय कळतंय सिनेमातलं!"

विशाखाच्या डोक्यातून मात्र तो पाळणा जाईना. एका सिनेमाचा नसलेला शेवट दोन अनोळखी माणसांना सारखाच कसा आठवतो? ज्याने सिनेमा पाहिला नाही त्याला होडी माहीत नसणार. ज्याने पाहिला त्याला पाळणा माहीत नसणार. तिने काकूंना फोन लावला.

"काकू, गोदेपल्याड तुमच्या घरी होता का हो?"

"होता ना. ह्यांनी कॅसेट आणली होती." काकूंचा आवाज भरून आला. "हिमानीच्या बारशाला कोरी कॅसेट मिळाली नाही, म्हणून ह्यांनी त्याच कॅसेटच्या शेवटावर बारसं घेतलं. सुरुवातीला काही तरी चुकलं. होडी तशीच दिसत राहिली नि आवाज मात्र बारशाच्या पाळण्याचा आला. चित्र लागेपर्यंत पाळणा संपून घुगऱ्या वाटणं चालू होतं."

"मग हिमानीला हे माहीत नाही?"

"ती चार वर्षांची असताना हे गेले. पुढं ह्यांना टीव्हीवर बघवायचं नाही मला. होडी गेली की मी बंदच करायची. नंतर मशीन बिघडलं, वीस वर्षं कॅसेटी माळ्यावर पडून. या दिवाळीत मिहिरनं सगळ्या पेनड्राइव्हवर करून दिल्या. मी तर अजून उघडूनही बघितलं नाही."

 विशाखाने बोटाने फोनचा आवाज कमी केला, पण उशीर झाला होता का, कळत नव्हतं.

कॅसेटमधला पाळणा ऐकलेली माणसं जगात तीनच होती. एक घरी रडत होती. एक बेपत्ता होती. तिसरा तिच्यापासून हातभर अंतरावर गाडी चालवत होता.

"काय म्हणतात काकू?" मिहिरने विचारलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

दाराचं लॉक लागलेलं तिला दिसलं. 

"रडतायत," ती म्हणाली. मग फोनमध्ये म्हणाली, "हो काकू. खरात साहेबांकडं निघालात ना? गाडीचा नंबर दिलात त्यांना? बरं केलंत. मिहिरदादा आहे माझ्यासोबत. आम्ही तिकडंच येतो."

"अगं, मी कुठं निघालेय? कसला नंबर?"

"हो, हो. रिक्षा करून या लवकर. ठेवते."

 गाडीचा वेग कमी झाला. डाव्या बाजूला एक कच्चा रस्ता शेतात उतरत होता. त्याची नजर तिकडे गेली.

"गाडीचा नंबर कशाला त्यांना?" त्याने विचारलं.

"कोण कोण शोधतंय त्याची नोंद करतात म्हणे. तू किती धावपळ केलीस ते काकूंनी सांगितलंय. साहेबांना तुझे आभार मानायचेत."

कच्चा रस्ता मागे पडला.

पोलीस ठाण्याच्या आवारात गाडी थांबली. दमयंतीकाकू व्हरांड्यात उभ्या होत्या. फोनवरचं विशाखाचं विचित्र बोलणं ऐकून त्या तशाच निघाल्या होत्या. फौजदार राजेंद्र खरात तिघांना आत घेऊन गेले.

"साहेब," विशाखा म्हणाली, "प्रणय नावाचा माणूस नाहीच. प्रणय हा आहे."

मिहिर हसला. "ताण आलाय तिला, साहेब."

"बोलू द्या त्यांना," खरात म्हणाले. "तुम्ही बसा."

विशाखाचे शब्द जागच्या जागी पडत होते. "प्रणयनं जो शेवट लिहिला तो सिनेमात नाही. तो फक्त पाठकांच्या घरच्या कॅसेटमध्ये आहे, कारण तो हिमानीच्या बारशाचा पाळणा आहे. हिमानीनं तो कुणाला सांगितला नव्हता, आणि लिहिलं आधी प्रणयनं. कॅसेट वीस वर्षं बंद होती. दिवाळीत ती यानं लावली. डिसेंबरमध्ये प्रणय उगवला. तिच्या गॅदरिंगच्या, सहलीच्या कॅसेटीही याच्याकडंच होत्या. तिला काय आवडतं ते यानं तिच्याच लहानपणातून उचललं."

"आन् तो चिन्मय? पाठकबाईंनी त्याचंबी नाव सांगितलंय," खरात म्हणाले.

"तो याच्याच तोंडून आला. मी चिन्मयसमोर उभी असताना हिमानीच्या फोनवरून निरोप आला. चिन्मयचा फोन गेटवर जमा होता. हा वीस पावलांवर गाडीत एकटा होता. हिमानीचा फोन गाडीत सापडेल, साहेब."

मिहिरचं हसू विरून गेलं. हवालदाराने गाडीची झडती घेतली. सीटखाली दोन फोन निघाले. एक हिमानीचा, दुसरा प्रणयचा.

"मिहिर," काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

खरातांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "बाहेर पारा त्रेचाळीसवर हाय. पोरगी कुठं कोंडली आसंल तर तिच्यापाशी लई वेळ नाय. नंतर काय बोलायचं ते बोल. आधी जागा सांग."

मिहिर जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लासूर स्टेशन. मामाचं जुनं गोडाऊन. बाजाराच्या मागं."

खरातांनी फोन उचलला. ते तिकडच्या पोलिसांशी बोलत होते तोवर मिहिर आपणहून सांगत सुटला. त्याला तिला काही करायचं नव्हतं. त्याने तिला लासूर स्टेशनवर बोलावलं, पण प्रणय तिथं येणारच नव्हता. ती मोडून पडेल, मिहिर सहज तिथं भेटेल, तिला सावरेल आणि मग तरी तिला तो दिसेल, एवढाच त्याचा बेत होता. पण हिमानीने त्याच्यासमोरच प्रणयला फोन लावला आणि तो मिहिरच्या खिशात थरथरला.

"ती ओरडायला लागली," तो म्हणाला. "मी घाबरलो. गोडाऊन जवळच होतं. पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्यात मी."

"पत्र्याचं हाय का गोडाऊन?" खरातांनी विचारलं.

त्याने मान हलवली. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

पुढचा पाऊण तास विशाखाने घड्याळाकडे बघत काढला. एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला. खरातांनी ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झाले.

"जिवंत हाय. बेसुद्ध झाली व्हती, पर आता पाणी पिली. दवाखान्यात आणतायत."

संध्याकाळी विशाखा वॉर्डात गेली तेव्हा हिमानीच्या हाताला सलाईन होतं. दोन्ही तळहातांवर, पत्रा बडवून बडवून, फोड आले होते. आई पायाशी बसली होती. पोलिसांनी हिमानीला सगळं सांगितलेलं होतं.

विशाखा तिच्याजवळ बसली. हिमानी छताकडे बघत होती.

"विशू," ती म्हणाली, "चार महिने मी रोज सकाळी खूश होऊन उठत होते. आपलं म्हणणं कळणारं कुणी तरी आहे, असं वाटायचं." तिने मान वळवली. डोळे कोरडे होते. "मी कुणाशी बोलत होते गं?"

 विशाखाने हिमानीचा फोड आलेला हात जपून आपल्या हातात घेतला आणि दिवे लागेपर्यंत ती तशीच बसून राहिली.